मुखातील चामखीळसदृश अंकुर : व्यवच्छेदक निदान व वैद्याचे कर्तव्य

मुखाची अंतस्त्वचा केवळ प्रकाश, दोन बोटे आणि थोडा वेळ एवढ्या साधनांवर संपूर्ण तपासता येते. त्यासाठी ना मोठे यंत्र लागते, ना प्रयोगशाळा. असे असूनही मुखाचा कर्करोग आपल्याकडे बहुधा उशिरा, गाठ गालाबाहेर डोकावू लागल्यावर किंवा तोंड उघडेनासे झाल्यावर ओळखला जातो. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतीय पुरुषांत ओठ व मुखाचा कर्करोग प्रथम क्रमांकावर आहे. यांपैकी अनेक रुग्ण त्याआधी कधीतरी वैद्याकडे, दंतवैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात 'तोंडात काहीतरी चामखिळीसारखे आले आहे' अशी तक्रार घेऊन गेलेले असतात. त्या एका वाक्याचे आपण काय करतो, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते.

चामखीळसदृश दिसणारी प्रत्येक वृद्धी भयावह नसते. किंबहुना बहुसंख्य निरुपद्रवीच असतात. परंतु निरुपद्रवी अंकुर आणि मंदगतीने वाढणारा कर्करोग ही दोन्ही प्रारंभी एकाच वेषात येतात. दोघेही पांढुरके, खरखरीत, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे आणि वेदनारहित असू शकतात. यास्तव या विषयाचा विचार ग्रंथोक्त व आधुनिक अशा दोन्ही अंगांनी, प्रत्यक्ष व्यवहारास उपयोगी पडेल अशा रीतीने येथे करीत आहोत.

ग्रंथोक्त विचार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात ओष्ठ, दंतमूल, दंत, जिव्हा, तालु, कंठ व सर्वसर अशा सात आयतनांत मिळून पासष्ट मुखरोग वर्णिले आहेत. वाग्भटाचार्यांनी ही संख्या पंचाहत्तर मानली आहे. या मोठ्या यादीत आपल्या प्रस्तुत विषयाशी संबंध येतो तो प्रामुख्याने तीन संकल्पनांचा.

पहिली संकल्पना चर्मकीलाची. व्यान वायू प्रकुपित होऊन कफाला घेऊन त्वचेवर खिळ्यासारखे स्थिर अंकुर निर्माण करतो, ते चर्मकील. सुश्रुतांनी हे अंकुर बाह्य त्वचेचे म्हणून सांगितले आहेत. म्हणजे बोटावरची वा मानेवरची चामखीळ आणि गालाच्या आतील अंकुर यांस एकच नाव देण्यास संहितेचा आधार नाही. व्यवहारात आपण दोन्हींना 'चामखीळ'च म्हणतो, आणि घोटाळ्याचा प्रारंभ तेथेच होतो.

दुसरी संकल्पना वदनगत अर्शाची. अर्शाच्या अध्यायात दोष ऊर्ध्वगामी होऊन कर्ण, नेत्र, नासा व वदन या ठिकाणीही मांसांकुर उत्पन्न करतात असे स्पष्ट म्हटले आहे. कंठ, ओष्ठ वा तालू यांपैकी एका स्थानी असे अंकुर आले असता वाणी अस्पष्ट होणे आणि रसज्ञान नष्ट होणे ही लक्षणे सांगितली आहेत. मऊ, देठयुक्त, मर्यादित अंकुर या वर्णनाच्या जवळ जातात.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची संकल्पना अर्बुदाची. गोल, स्थिर, अल्प वेदनेचे, मोठे, खोल मुळाचे, दीर्घकाळाने वाढणारे आणि न पिकणारे, ही अर्बुदाची सामान्य लक्षणे आपणा सर्वांस मुखोद्गत आहेत. वाग्भटांनी उत्तरस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात याच अर्बुदाचे मुखगत रूप वेगळे सांगितले आहे. कफ गालाच्या आतील भागाचा आश्रय करून श्याव-पांडुर वर्णाचे अर्बुद निर्माण करतो, आणि ते घासले, कापले वा चोळले असता अधिकच वाढते, असा त्या वर्णनाचा आशय आहे. गालाची आतील बाजू, पांडुर वर्ण आणि छेडले असता होणारी वाढ, या तीन बाबी आजच्या चिकित्सकानेही जवळ बाळगाव्यात अशा आहेत. जलार्बुद वगळता मुखातील अर्बुदांची गणना वाग्भटांनी असाध्यांत केली आहे. तथापि पुढील अध्यायात नवीन व न वाढलेल्या अर्बुदाचे छेदन करून त्यानंतर स्वर्जिका, शुंठी व मधाचे प्रतिसारण सांगितले आहे. तात्पर्य, 'नव' व 'असंवृद्ध' या अवस्थेतच चिकित्सेस अवकाश आहे. या व्याधीत काळाचे महत्त्व आचार्यांनी याहून स्पष्ट कसे सांगावे?

परीक्षणपद्धती

प्रश्न, दर्शन व स्पर्शन या त्रिविध परीक्षेचा क्रम येथे कसोशीने पाळावा.

प्रश्नपरीक्षेत केवळ 'तंबाखू खाता का?' असे विचारून भागत नाही. ग्रामीण भागातील अनेक स्त्रिया मिश्रीला तंबाखू मानतच नाहीत. ते त्यांच्या लेखी दात घासण्याचे साधन असते. म्हणून 'दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?' असे विचारावे. पुरुषांस 'बार कोणत्या बाजूला धरता?' हा प्रश्न अवश्य विचारावा. विदर्भात खर्रा, अन्यत्र मावा, चुना-तंबाखूची गोळी, सुगंधी सुपारी यांची नावे घेऊन चौकशी करावी. नुसती सुपारी निर्दोष आहे हा समज तर सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीसही मानवास कर्करोगकारक अशा पहिल्या गटात स्थान दिले आहे. याशिवाय अंकुर केव्हापासून आहे, आकार वाढतो आहे का, रक्त येते का, कवळी बसवली आहे का, हाताच्या बोटांवर वा अन्यत्र चामखिळी आहेत का, प्रतिकारशक्ती कमी करणारा व्याधी अथवा औषधे चालू आहेत का, हेही विचारावे.

दर्शनपरीक्षेसाठी रुग्णास खुर्चीवर बसवून कवळी काढावयास सांगावी व चूळ भरण्यास द्यावी. उत्तम प्रकाशात ओठांची बाहेरील व आतील बाजू, दोन्ही गाल, गाल व हिरडी यांमधील वरची व खालची खाच, हिरड्या, जिभेचा पृष्ठभाग, तिच्या दोन्ही कडा, तिची खालची बाजू, जिभेखालील तळ, कठीण व मृदू तालू आणि गिलायूंचा प्रदेश असा ठरलेला क्रम ठेवावा. जिभेचे टोक कोरड्या गॉजने धरून ती एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे ओढल्याशिवाय तिच्या मागील कडा दिसत नाहीत. खालच्या दाढांच्या बाहेरील खाच ही तंबाखूची नित्याची जागा असल्याने तेथे गाल बाहेर ओढून पाहावे. तोंड किती उघडते हेही नोंदवावे. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत जात नसतील तर सुपारीजन्य तंतुमयता विचारात घ्यावी.

स्पर्शनपरीक्षा हातमोजा घालून करावी. अंकुरास देठ आहे की तो रुंद बुडाचा आहे, बूड व कडा मऊ आहेत की कठीण, अंकुर खालील मांसावर सरकतो की चिकटलेला आहे, हे गालाच्या आत एक व बाहेर एक बोट ठेवून पाहावे. पांढरा थर गॉजने पुसून निघतो का, हे तपासावे. शेवटी हनुवटीखालील, जबड्याखालील व मानेतील ग्रंथी चाचपाव्यात. दिसण्यापेक्षा बुडाचे काठिण्य हे अधिक विश्वसनीय लक्षण आहे, हे कधीही विसरू नये.

प्राकृत रचना

रोग नसतानाच रोगाचे नाव चिकटवले जाण्याचे प्रसंगही कमी नाहीत. जिभेच्या मुळाशी उलट्या 'व्ही' आकारात असणारे आठ ते बारा मोठे अंकुर, जिभेच्या मागील कडांवरील उभ्या घड्या, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालावर उघडणाऱ्या लालावाहिनीचा उंचवटा, जिभेखालील झालरीसारख्या घड्या आणि गालातील पिवळसर बारीक ठिपके या सर्व प्राकृत रचना आहेत. आरशात प्रथमच जीभ बाहेर काढून पाहणारा घाबरट रुग्ण यांपैकीच एखादी घेऊन येतो. दोन्ही बाजूंस सारखेपणा असणे ही प्राकृतत्वाची मोठी खूण होय. उजवीकडे आहे तसेच डावीकडे आहे हे रुग्णास दाखवले की त्याचे निम्मे दुखणे तेथेच संपते.

निरुपद्रवी अंकुर

१. साधा अंकुरार्बुद (स्क्वॅमस पॅपिलोमा) : हा बहुधा एकच असतो. तालू, पडजीभ, जीभ व ओठ ही त्याची आवडती स्थाने. त्यास अरुंद देठ असतो व पृष्ठभागावर बोटांसारखे बारीक फाटे असतात. केराटिनचा थर जाड असेल तर तो पांढरा, पातळ असेल तर गुलाबी दिसतो. काही महिन्यांत तो साधारण अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत वाढून स्थिरावतो. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या ६ व ११ या प्रकारांशी त्याचा संबंध आढळतो. बुडासह छेदन केले असता तो सहसा पुन्हा येत नाही.

२. सामान्य चामखीळ (व्हेरुका व्हल्गॅरिस) : ही मुख्यतः मुलांत आढळते. बोटावर चामखीळ असून ती चघळण्याची वा नखे कुरतडण्याची सवय असणाऱ्या मुलाच्या ओठावर, ओठाच्या आत किंवा जिभेच्या अग्रभागी ती उद्भवते. विषाणूचा २ क्रमांकाचा प्रकार येथे प्रमुख होय. अशा वेळी मुलाचे हात पाहिले की निदान अर्धे होते.

३. संसर्गजन्य मृदू अंकुर (कॉन्डिलोमा) : हे अनेक, गुलाबी, रुंद बुडाचे व साध्या अंकुरापेक्षा मोठे असतात. ओठांची आतील बाजू, मृदू तालू व जिभेखालील दोरी येथे ते दिसतात. यांचा प्रसार लैंगिक संबंधातून होतो. म्हणून रुग्णाच्या व जोडीदाराच्या तपासणीचा विषय संकोच न बाळगता, परंतु एकांतात व आदराने काढावा. लहान मुलात असे अंकुर आढळल्यास अत्याचाराची शक्यता मनात ठेवून बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

४. बहुस्थानी उपत्वचावृद्धी (हेक यांचा व्याधी) : अमेरिकेतील मूलनिवासी मुलांत याचे वर्णन १९६५ साली झाले. ओठ व गालांच्या आत, अंतस्त्वचेच्याच रंगाचे, मऊ, चपटे असे अनेक उंचवटे येतात व कालांतराने बरेचदा आपोआप मावळतात. विषाणूचे १३ व ३२ हे प्रकार यास कारण आहेत.

५. घर्षणजन्य वृद्धी : दाताखाली वारंवार गाल चावला जाऊन येणारी गुळगुळीत, घट्ट गाठ, कवळीच्या कडेने येणारी मांसाची घडी आणि सैल कवळीखाली तालूवर येणारे लाल, खडबडीत दाणे हे या वर्गात येतात. कारण दूर केल्यावर यांत उतार पडावयास हवा. न पडल्यास निदानाचा पुनर्विचार करावा.

६. जीर्ण बुरशीजन्य पांढरा थर : ओठाच्या कोपऱ्याच्या आत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, न पुसला जाणारा दाणेदार पांढरा थर येतो. बुरशीविरोधी उपचारानंतरही तो टिकून राहिल्यास तुकडा तपासणे आवश्यक ठरते.

एचआयव्ही बाधितांत असे विषाणुजन्य अंकुर संख्येने अधिक असतात व छेदनानंतर पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे प्रौढात अकारण अनेक अंकुर दिसल्यास त्या तपासणीचा सल्ला द्यावा.

सावध करणारे व्याधी

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहिला त्या व्याधींकडे वळू.

चामखीळसदृश श्वेतपट्ट (व्हेरुकस ल्युकोप्लेकिया) : न पुसला जाणारा, अन्य कोणत्याही व्याधीत न बसणारा पांढरा पट्टा म्हणजे श्वेतपट्ट. तो सपाट व एकसंध असताना धोका कमी असतो. त्याचा पृष्ठभाग खडबडीत, चामखिळीसारखा किंवा लाल-पांढरा ठिपकेदार होऊ लागला की धोका वाढतो. याचाच एक हट्टी प्रकार १९८५ मध्ये हॅन्सन व सहकाऱ्यांनी वर्णिला. हा प्रकार वयस्क स्त्रियांत अधिक, हिरड्यांवर व अनेक ठिकाणी एकाच वेळी येतो, काढला तरी परत येतो आणि वर्षानुवर्षांच्या प्रवासात मोठ्या प्रमाणात कर्करोगात परिणत होतो. विशेष हे की यातील पुष्कळ रुग्णांनी तंबाखूला कधी स्पर्शही केलेला नसतो. 'व्यसन नाही, म्हणून चिंता नाही' हा निष्कर्ष येथे फसवा ठरतो.

चामखीळसदृश कर्करोग (व्हेरुकस कार्सिनोमा) : ॲकरमन यांनी १९४८ मध्ये याचे स्वतंत्र वर्णन केले. तंबाखू चघळणाऱ्या, बहुधा साठीच्या पुढच्या व्यक्तीत, गालाच्या आत वा खालच्या खाचेत, नेमक्या बार धरण्याच्या जागी, रुंद बुडाची, जाड, पांढरी वा करडी, घड्या-घड्यांची वृद्धी पसरत जाते. वेदना जवळजवळ नसते. वाढ इतकी मंद की रुग्ण दोन-दोन, तीन-तीन वर्षे 'आहे तशीच आहे' म्हणतो. ही वृद्धी मानेच्या ग्रंथींत क्वचितच जाते, मात्र जागच्या जागी गाल, हिरडी व जबड्याचे हाड यांवर आक्रमण करते. वेळेवर व संपूर्ण काढली असता परिणाम उत्तम मिळतो. मात्र काही गाठींच्या पोटात सामान्य, आक्रमक कर्करोगाचे भाग दडलेले असतात, आणि असे भाग असता वर्तनही तसेच आक्रमक होते. वाग्भटांच्या कपोलगत श्याव-पांडुर अर्बुदाशी याचे स्थान व वर्ण या दोहोंत असलेले साम्य लक्षणीय आहे. दोन्ही एकच आहेत असा आग्रह धरण्याचे कारण नाही. पण ते वर्णन वाचलेल्या वैद्याने अशी वृद्धी पाहून थबकावे, एवढे निश्चित.

सामान्य मुखकर्करोग (स्क्वॅमस सेल कार्सिनोमा) : हाही कधी अंकुरमय रूपात येतो. कठीण बूड, उंचावलेल्या गुंडाळल्यासारख्या कडा, मध्ये व्रण, सहज रक्तस्राव, दात हलणे, जिभेची हालचाल मंदावणे, ओठ वा हनुवटीस बधिरपणा, कानाकडे जाणारी वेदना आणि मानेत कठीण ग्रंथी ही त्याची लक्षणे. यांपैकी एकही असल्यास एक दिवसही वाया घालवू नये.

निर्णयाची सूत्रे

वरील विवेचनाचे व्यवहारात उपयोगी पडेल असे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल.

• अरुंद देठ, मऊ बूड, लहान व स्थिर आकार : निरुपद्रवी असण्याचा संभव अधिक, तरीही छेदन व परीक्षण इष्ट.
• रुंद बूड, पसरती कड, एक सेंटिमीटरहून अधिक आकार : संशय धरावा.
• बूड वा कडा कठीण : कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असे समजावे.
• तंबाखू वा सुपारी धरण्याची जागा व वृद्धीची जागा एकच : संशय धरावा.
• तोंड उघडणे कमी झालेल्या रुग्णात नवीन अंकुर : संशय धरावा.
• कारण दूर करूनही दोन आठवड्यांत न ओसरलेली कोणतीही वृद्धी, व्रण वा पट्टा : तज्ज्ञाकडे पाठवावे.

यांतील शेवटचे सूत्र एवढे एकच लक्षात राहिले तरी चालेल. तीक्ष्ण दात घासून घेणे, कवळी दुरुस्त करणे, तंबाखू बंद करणे, खदिरादी वटी वा त्रिफळा क्वाथाचा गंडूष देणे हे सारे करावे. परंतु पहिल्या दिवशीच केसपेपरवर पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहावी. त्या तारखेस वृद्धी तशीच असेल तर चिकित्सा बदलू नये. रुग्णास योग्य तेथे पाठवावे. एका गंडूषानंतर दुसरा, एका गुग्गुळानंतर दुसरा असे महिने जात राहणे हाच या व्याधीतील खरा अपघात आहे.

बायोप्सीविषयीचे समज

'तुकडा काढला की कर्करोग पसरतो' हा समज रुग्णांत खोल रुजलेला आहे, आणि काही वैद्यबंधू वाग्भटांच्या वचनाचा दाखला देऊन त्यास दुजोरा देतात. या मुद्द्याचा शांतपणे विचार व्हावयास हवा. घासणे, चोळणे व अर्धवट कापणे यांनी अर्बुद वाढते असे आचार्य म्हणतात. आणि तेच आचार्य नव्या अर्बुदाचे छेदन करा असेही सांगतात. दोन्ही वचने एकत्र वाचली तर अर्थ स्वच्छ होतो. निषेध आहे तो अपुऱ्या व उद्देशहीन छेडछाडीचा, शस्त्राचा नव्हे. सुश्रुतांनीही अर्बुदचिकित्सेत शेष राहिलेले अर्बुद पुन्हा वाढते व शिल्लक अग्नीप्रमाणे घात करते, म्हणून ते निःशेष काढावे असे बजावले आहे. परीक्षणासाठी घेतलेला तुकडा ही चिकित्सा नसून निदानाची पायरी आहे. तिच्यामागोमाग पूर्ण चिकित्सा होणार असते. मुखाच्या कर्करोगात नियोजनपूर्वक घेतलेल्या तुकड्याने रुग्णाचे आयुष्य घटते असा पुरावा नाही. निदानास झालेल्या विलंबाने मात्र ते निश्चित घटते.

दुसरी एक बाब तज्ज्ञांकडून आलेला अहवाल वाचताना ध्यानी घ्यावी. चामखीळसदृश कर्करोगात पेशी जवळजवळ प्राकृत दिसतात. विकृती असते ती बुडाशी, जेथे उपत्वचेचे जाड खुंट खालील ऊतींना ढकलत जातात. वरवरचा लहान तुकडा घेतला तर त्यात केवळ केराटिन व वाढलेली उपत्वचा दिसते आणि 'कर्करोग आढळला नाही' असा अहवाल येतो. म्हणून तुकडा वृद्धीच्या कडेचा, बुडापर्यंतच्या ऊतींसह पुरेसा खोल असावा. अहवाल निरुपद्रवी आणि रूप मात्र संशयास्पद असे असेल तर अहवालावर विसंबून रुग्णास घरी पाठवू नये. पुन्हा, अधिक खोल तुकडा घेण्याची विनंती तज्ज्ञास करावी. पाठवताना चिठ्ठीत स्थान, आकार, कालावधी, व्यसन, बुडाचे काठिण्य व ग्रंथींची स्थिती या सहा गोष्टी लिहिल्यास परीक्षकाचेही काम सुकर होते.

क्षार व अग्निकर्माची मर्यादा

बाह्य चामखिळीवर क्षार व अग्निकर्म ही आपल्या शास्त्राची सिद्ध साधने आहेत. मुखातील अंकुरावर मात्र निदानापूर्वी त्यांचा उपयोग करू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. सुश्रुतांनी क्षारपाकविधीच्या अध्यायात प्रतिसारणीय क्षारास योग्य व्याधींत अर्बुद व चर्मकील यांचा सामान्य उल्लेख केला आहे हे खरे. परंतु मुखरोगांची स्वतंत्र नोंद करताना उपजिव्हा, अधिजिव्हा, उपकुश, दंतवैदर्भ व तीन रोहिणी अशा सातांचीच नावे घेतली आहेत. या संयमाचे मोल आजच्या ज्ञानाने अधिकच पटते. क्षाराने वा दाहाने वृद्धीचा वरचा भाग जळून जातो, रुग्णास बरे वाटते, बूड मात्र शाबूत राहते. परीक्षणास पाठवण्यासारखा तुकडा उरत नाही, भाजलेल्या ऊतींत पेशींचे स्वरूप ओळखू येत नाही, आणि व्रणाच्या आवरणाखाली व्याधी वाढत राहतो. निदान निश्चित होऊन अंकुर निरुपद्रवी ठरल्यावर शल्य वा शालाक्य तज्ज्ञाने कोणते साधन वापरावे हा वेगळा प्रश्न आहे. प्रथम निदान व नंतर कर्म हा क्रम सोडू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

औषधाच्या दुकानात येणारा ग्राहक बहुधा घाईत असतो. 'चामखिळीचे औषध द्या' एवढेच तो म्हणतो. अशा वेळी 'कोठे आहे?' हा एक प्रश्न विचारावाच. बाह्य त्वचेच्या चामखिळीसाठीची सॅलिसिलिक आम्लाची द्रावणे, पोडोफिलिन, क्षारयुक्त लेप, तसेच घरगुती म्हणून वापरला जाणारा रुईचा चीक वा बिब्बा यांपैकी काहीही मुखात लावण्यास देऊ नये व सुचवू नये. त्याने दाह व व्रण होतोच, शिवाय निदानही दुरावते. इरिमेदादी तेल वा गंडूषाची औषधे वारंवार नेणारा ग्राहक असेल तर किती दिवस त्रास आहे हे विचारून तपासणीचा सल्ला द्यावा.

दात घासण्याच्या भुकटीत व पेस्टमध्ये तंबाखू मिसळण्यास केंद्र शासनाने १९९२ सालीच बंदी घातली आहे. त्यामुळे घटकद्रव्ये न छापलेली दंतमंजने दुकानात ठेवू नयेत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु सुगंधी सुपारीची पुडी दुकानाच्या फळीवर ठेवून शेजारीच मुखरोगाची औषधे विकणे ही विसंगती आपण आपल्यापुरती तरी टाळू शकतो. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात हा १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यान्वये अपराध आहे, याचेही स्मरण ठेवावे.

प्रतिबंध व तपासणी

ज्यांचा कारणीभूत विषाणू ६, ११, १६ वा १८ या प्रकारांपैकी आहे, अशा विकारांच्या प्रतिबंधासाठी चतुर्विध लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय बनावटीची लस २०२३ च्या जानेवारीत प्रसृत झाली. ही लस प्रतिबंधक आहे. आलेला अंकुर ती घालवीत नाही, आणि तंबाखू-सुपारीजन्य कर्करोगापासून संरक्षणही देत नाही. आपल्याकडील मुखकर्करोगाचे मुख्य कारण तंबाखू व सुपारी हेच असल्याने व्यसनमुक्तीला पर्याय नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करतात असे आढळले होते.

केवळ डोळ्यांनी मुख तपासण्याचा लाभ किती, याचे उत्तर केरळातून मिळाले आहे. तिरुवनंतपुरम परिसरात झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केलेल्या मुखदर्शनाने तंबाखू वा मद्याचे सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले. तपासणारे हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीस वर्षांवरील व्यक्तींच्या मुखतपासणीचा समावेश झाला तो अशाच अनुभवाच्या बळावर.

जे काम प्रशिक्षित कार्यकर्ता करू शकतो, ते नाडी व जिव्हा नित्य पाहणाऱ्या वैद्यास अवघड नाही. आपण जिव्हापरीक्षेसाठी रुग्णास तोंड उघडावयास सांगतोच. तेव्हाच गाल थोडा बाहेर ओढून खालची खाच पाहिली आणि एक बोट फिरवले, तर आणखी दोन मिनिटे लागतात. तीस वर्षांवरील व व्यसन असलेल्या प्रत्येक रुग्णात, तो कोणत्याही तक्रारीसाठी आलेला असो, एवढे अवश्य करावे. केसपेपरवर 'मुखपरीक्षण' असा एक रकाना छापून घेतला तर विसरही पडणार नाही. नव व असंवृद्ध अवस्थेतील व्याधी ओळखून तो योग्य हाती सोपवणे ही चिकित्साच होय, आणि प्रथम भेटणारा वैद्य या नात्याने ती आपल्याच हाती आहे.